अर्धी रिंग

आमच्या घरात मी फोनवेडी म्हणून बदनाम आहे. कुणाच्या लग्नात कोणती साडी नेसले होते हे मला आठवत नाही, पण तेव्हा हातात कोणता फोन होता हे विचारा, त्याच्या बटणांचा आवाजसुद्धा सांगते. नवरा म्हणतो, हिच्या पत्रिकेत राशीच्या जागी मॉडेल लिहायला हवं होतं. म्हणू दे. आता चाळिशीच्या चष्म्याशिवाय पडदा दिसत नाही, तरी नवा फोन हातात आला की पाठीमागचं झाकण काढायला बोटं शिवशिवतात, आणि हल्लीच्या फोनचं झाकण निघत नाही याचा मनापासून राग येतो. लोकांना वाटतं, हा शौक आहे. असेलही. पण त्याची सुरुवात चैनीत झालेली नाही, भीतीत झाली आहे.

चाकूरच्या बाजारपेठेत आमचं भुसार मालाचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. दुकानात काळा, जड, तबकडी फिरवायचा फोन होता. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे सगळी पेठ रस्त्यावर आली, आमच्या घराला एक चीर गेली तेवढंच, आणि उजाडेपर्यंत लोक एकमेकांना आपापली पळापळ सांगून हसतही होते. मग कुणीतरी औशाच्या पलीकडच्या गावांची नावं घेतली आणि अप्पांचा चेहरा उतरला. त्यांची थोरली बहीण, माझी कलाआत्या, तिकडेच दिलेली. अप्पा फोनची तबकडी फिरवत राहिले. तिकडून नुसती खरखर. शेवटी ते मालाच्या ट्रकमध्ये बसून निघाले आणि जाताना मला फोनपाशी बसवून गेले. "शैले, हितनं हलायचं न्हाई. वाजला की उचल," एवढंच म्हणाले. मी तिसरीत होते. अव्वा, म्हणजे माझी आई, मला जेवायला हाका मारत होती, पण मी हलले नाही. त्या दिवशी फोन वाजला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी मधूनमधून रिसीव्हर उचलून कानाला लावायचे आणि आतली गुंगुं ऐकून परत ठेवायचे. यंत्र जिवंत आहे आणि तरी बोलत नाही, ही गोष्ट त्या वयात माझ्या छातीत जी बसली ती बसलीच.

आत्या आली ती अप्पांच्या आधाराने, ट्रकमधूनच. माळवदाच्या घराखालून तिला दुसऱ्या दिवशी काढलं होतं. तिचा नवरा आणि माझ्याच वयाची तिची लेक राणी, दोघं गेले. ती आमच्याकडे राहिली ती कायमची. घराच्या आत मात्र ती कधी निजली नाही. थंडीत घोंगडी, पावसाळ्यात पत्र्याची पडवी, पण डोक्यावर भिंतीचं ओझं नको. माझी वेणी घालताना कधीतरी तिचा हात मध्येच थांबायचा. मला कळायचं, आता ही राणीची वेणी घालते आहे. मी मान हलवत नसे.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि लातूरला शिकवणीला पाठवायचं ठरलं. तेव्हा अख्ख्या मराठवाड्यातून पोरं लातूरला लोटत होती. नांदेड, मुखेड, लोहा, कुठकुठली. ज्याच्या घरात दोन खोल्या जास्त त्याने खाटा टाकून पोरं ठेवलेली, गल्लीगल्लीत डॉक्टर होणाऱ्यांच्या रांगा. अप्पांनी घड्याळ घेऊन देतो म्हटलं, मी मोबाइल मागितला. अव्वाने कपाळाला हात लावला. "पोरीच्या जातीला कशाला पायजे ते? अभ्यास करून राहिली का गप्पा मारून राहिली, कोण बघणार?" अप्पाही तिच्याच बाजूचे. तेवढ्यात पडवीतून शेंगा फोडता फोडता आत्या म्हणाली, "घेऊन दे रं तिला. खबर लागती." एवढंच. अप्पा उठून दुकानात गेले आणि पुढच्या आठवड्यात नांदेडला माल घालायला गेले तेव्हा तिथल्या वजिराबादच्या बाजारातून एक फोन घेऊन आले.

कुणीतरी वापरून विकलेला होता. जाडजूड, डोक्यावर अंगठ्याएवढी अँटेना, हिरवट पडदा आणि त्यात दोनच ओळी. मला त्याच्यापुढे सोनंनाणं फिकं वाटलं. पहिल्या दिवशी मी तो सगळा खोलून परत जोडला. त्यात आपली आपण धून बनवायची सोय होती. बटणं दाबून दाबून मी आत्या जात्यावर म्हणायची त्या एका ओळीची चाल बसवली. निघाली ती पिपाणीसारखी, पण आत्या खूश झाली. वर्षभराने मी शिष्यवृत्तीतून निळ्या पडद्याचा, हातात मावणारा, थरथरणारा दुसरा फोन घेतला आणि हा जुना आत्याच्या कमरेच्या पिशवीत गेला, त्याच धुनेसकट. तिला अक्षरओळख नव्हती. मी शिकवलं ते इतकंच, दोनाचा आकडा दाबून धरला की मला लागतो आणि लाल बटण दाबलं की बंद होतो.

आणि मग आमच्या घरची ती रीत पडली. आता पोरांना सांगितलं तर हसतात, पण तेव्हा सगळ्या लातुरात तीच चालायची. बोलायला पैसे पडत, नुसतं वाजवायला नाही. एकदा वाजवून तोडायचं, म्हणजे खुशाली. पोचले, जेवले, ठीक आहे. समोरच्याने उचलायचं नाही. उचललं तर पैसे गेले आणि घरी बोलणी. आमच्या घरात तर हा नियम सोवळ्यासारखा पाळत. संध्याकाळी क्लास सुटला की मी आत्याला वाजवायची, ती मला वाजवायची, आणि दोन्हीकडे कुणीही न उचलता सगळ्यांना झोप लागायची. पडद्यावर नाव बघायच्या आधी नुसत्या रिंगवरून मी माणूस ओळखायला लागले होते. अप्पा वाजल्या वाजल्या तोडत, जणू चटका बसला. आत्याचा फोन मात्र वाजतच राहायचा, कारण तिला लाल बटण लवकर सापडायचं नाही. बोटाने चाचपत, डोळे बारीक करत ती ते शोधते आहे, हे मला खोलीत बसून दिसायचं.

आत्या दर वर्षी पावसाळा सरता सरता आपल्या जुन्या गावी जायची. गाव आता तिथे नव्हतंच. सरकारने नवं गाव लांब वसवलं होतं, सरळ रस्त्यांचं, आणि जुनं तसंच टाकलेलं. दगडांचे ढीग, त्यांत बाभळी, कमरेइतकं गवत. आत्या आपल्या उंबऱ्याचा दगड तेवढा ओळखायची. तिथे दिवा लावायची, राणीला आवडायचा म्हणून शेंगदाण्याचा लाडू ठेवायची आणि परत यायची. सोबत कुणी आलेलं तिला चालत नसे. त्या वर्षी ती सकाळच्या एसटीने लातूरला उतरली, माझ्या खोलीवर आली, धपाटे आणि शेंगाचटणीचा डबा ठेवला. त्या दिवशी दुपारी माझा मोठा पेपर होता. या पेपरावर क्लासमध्ये पहिली बॅच ठरायची आणि पहिल्या बॅचमधला पोरगा डॉक्टर झाला असंच सगळे धरून चालत. आत्याने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बिनघोर लिव्ह. म्या पोचले की वाजिवते," म्हणाली आणि काळ्यापिवळ्या जीपच्या अड्ड्याकडे गेली.

आमच्या सरांच्या टेबलावर पाण्याची बादली असायची. वर्गात ज्याचा फोन वाजेल त्याचा फोन त्या बादलीत. मी एक फोन बुडताना बघितला होता, त्याचा पडदा पाण्याखाली थोडा वेळ पेटलेला राहिला होता आणि मला माणूस बुडाल्यासारखं वाईट वाटलं होतं. तरी मी तो नेत असे, आवाज बंद करून, ओढणीच्या आत कमरेला खोचून. पेपर सुरू झाला. आत्या पोचल्याची रिंग अजून आली नव्हती. जीप भरेपर्यंत सुटत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. प्रश्न वाचत होते आणि सगळा जीव कमरेपाशी. अर्धा पेपर झाला आणि फोन थरथरला. मी श्वास सोडला. पण तो नीट सुटायच्या आत थरथर थांबली.

अर्धीच. ओढणीआडून पडदा बघितला, नाव आत्याचंच. आणि तिची रिंग इतकी लहान कधीच नसायची. मी पुढचं गणित वाचायला घेतलं, ते डोक्यात शिरेना. तिचं बोट लाल बटणावर एवढ्या लवकर गेलंच कसं? आज सापडलं असेल लवकर. नाही, आत्याला नाही सापडणार. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले आणि उलट फोन लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’, बाई गोड आवाजात सांगत होती. त्या भागात ते नेहमीचंच. मग मी रीत मोडून अप्पांना लावला आणि उचलेपर्यंत वाजवत राहिले.

"काय गं? पेपर सोडून काय करून राहिलीस?" अप्पा ओरडलेच.

"अप्पा, आत्याची रिंग आली."

"मग झालं की! पोचली. खुशाल हाय."

"अर्धीच वाजली, अप्पा. आत्या एवढ्या लवकर तोडत न्हाई."

"अर्धी काय आन पुरी काय! वाजली न्हवं? तुला उठायला निमित्त पायजे. जा, पेपर लिव्ह." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "रेंज जाती गं तिकडं."

ते थांबणं मला ऐकू आलं. त्यांनाही काळा फोन आठवला होता. मी वर्गात परत गेले ती फक्त दप्तर घ्यायला. सर दारात आडवे झाले. "आज उठलीस तर पहिली बॅच विसरायची. मग बापाला सांग काय ते." मला सरांचा राग नाही, आजही नाही. पण त्या क्षणी त्यांच्या बादलीला लाथ मारावीशी वाटली होती. मी त्यांच्या बाजूने निघून गेले.

जीपचा प्रवास मला धड आठवत नाही. आठवतो तो हातातला फोन आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या कांड्या. दोन, एक, काहीच नाही, परत एक. मी लावत होते, बाई सांगत होती, बाहेर, बाहेर. जीपवाले गफूरचाचा आरशातून बघत होते. न राहवून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. तेव्हा नव्या गावापाशी बाकीची माणसं उतरवून त्यांनी गाडी तशीच जुन्या गावाकडे घातली. "बेटा, तिथं जीप जात न्हाई, पर जिथवर जाईल तिथवर नेतो," म्हणाले. ऊन उतरायला लागलं होतं. दगडांच्या ढिगांमध्ये मी आत्याऽ आत्याऽ म्हणून हाका मारत फिरले. उंबरा सापडला. त्यावर लाडू होता, मुंग्या लागलेला. दिवा विझलेला होता. आत्या नव्हती.

तिथे उभी राहून मी रडले असते, पण रडायलाही उसंत नव्हती. मी परत फोन लावला. आणि या वेळी बाई बोलली नाही. माझ्या कानात रिंग गेली आणि त्याच क्षणी पायाखालून कुठूनतरी ती पिपाणी वाजायला लागली. जात्यावरची चाल. दबलेली, मातीतून आल्यासारखी. मी कान लावून गवतात गुडघ्यांवर सरकत गेले. धून वाजतच होती, कुणी उचलत नव्हतं, तोडतही नव्हतं. पडक्या भिंतीपलीकडे गवतात एक काळं भोक दिसलं, कडेला कुजक्या फळ्यांचे तुकडे. पेव होतं ते. जुन्या घरांत धान्य साठवायचं, जमिनीखाली खोल, तोंड लहान. घर पडलं, पेव तसंच राहिलं होतं.

"आत्या!" मी ओरडले. आतून घोगरं काहीतरी आलं. शब्द नव्हता, पण आवाज तिचा होता.

गफूरचाचा दोर घेऊन धावत आले आणि बाह्या सारून आत उतरायलाच निघाले. तेवढ्यात माझा फोन वाजला. अप्पा. मी उचलला आणि पेव एवढंच म्हणाले. अप्पा आयुष्यात इतके मोठ्याने ओरडले नसतील. "कुणाला उतरू देऊ नको! पेवाची हवा माणूस मारती. आदी दिवा सोडा आत. दिवा विझला तर कुणीबी उतरायचं न्हाई, ऐकलंस?" आमच्या धंद्यात पेवात उतरलेली माणसं परत न आल्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. आत्याचाच विझलेला दिवा आम्ही पेटवला, दोरीला बांधून भोकात सोडला. ज्योत खाली गेली, बारीक झाली, निळी पडल्यासारखी वाटली. चाचा तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मग ज्योत सरळ झाली आणि तिच्या उजेडात आत्याचा वर केलेला चेहरा दिसला, मातीने भरलेला, आणि हातात घट्ट धरलेला तो अँटेनावाला फोन. एका बाजूची भिंत ढासळून वरपर्यंत भेग गेली होती, तिथून हवा येत होती. तिच्याजवळच ती टेकून बसली होती म्हणून वाचली. चाचांनी नव्या गावातून माणसं आणली. आत्या वर आली तेव्हा दिवस मावळत होता. पाय मोडला होता. तिने आधी आभाळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "पेपर झाला का गं?" घोगऱ्या आवाजात तिने विचारलं. मी तिच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं.

लातूरच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर झाल्यावर, अप्पा आणि अव्वा येऊन बसल्यावर, माझा राग बाहेर आला. "एकदा लागला तेव्हा परत परत का न्हाई लावलास? मी नंतर एवढी रिंग दिली, ती तरी उचलायची!" माझा आवाज चढला होता.

आत्याला नवल वाटलं. "उचलायची? आपल्यात कुणी उचलतंय व्हय?" ती म्हणाली. "लई वराडले म्या. घसा बसला. कुणी आलं न्हाई. मग म्हणलं, आता काय व्हायचं ते व्हईल. पर तुझा पेपर व्हता. रिंग न्हाई गेली तर तू फिकीर करत बसशील. म्हणून खुशालीची दिली. लाल बटन हुडकून राहिले व्हते, त्याच्या आदी आपसूकच गेली की." मग ती जरा हसली. "अन सांजच्याला तुझी आली. लई वेळ वाजली. म्हणलं, चांगला गेला वाटतं पोरीचा पेपर. ऐकत बसले."

मला समजायला वेळ लागला. ती मातीखाली, दुसऱ्यांदा, आणि तिथून तिने मला कळवलं होतं की मी ठीक आहे, तू लिही. आणि ते खोटं रेंजने मोडलं म्हणून ती माझ्यासमोर होती. अप्पा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी अप्पांना रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "अक्का, आजपासून आपल्या घरात फोन वाजला की उचलायचा. बिल किती का येईना."

पहिली बॅच गेली ती गेली. मी डॉक्टर झाले नाही. इलेक्ट्रॉनिक्सला गेले, नांदेडला शिकवायला लागले, म्हणजे फोन खोलायचेच पैसे घेऊ लागले. अव्वा मरेपर्यंत हळहळत राहिली, अप्पा कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पहिल्या पगारात कॅमेऱ्याचा फोन घेतला. त्यातला पहिला फोटो आत्याचा आहे, अंधुक, कारण ती हलली. मग सरकवायचा आला, घडीचा आला, बोटाने पुसायचा आला. किती आले आणि गेले. हल्ली विद्यार्थी सांगतात, मॅडम, फोन करायच्या आधी मेसेज करून विचारायचं असतं. मी नुसतं हं म्हणते. माझा फोन वर्गात असतो, चालू असतो, आणि वाजला तर मी शिकवणं थांबवून उचलते. पोरं हसतात. हसू देत.

आत्या जाईपर्यंत तो अँटेनावाला फोन काही तिने सोडला नाही. बॅटऱ्या मी नांदेडभर हिंडून आणत असे. संध्याकाळी दिवेलागणीला तिचा फोन यायचाच. मी हातातलं टाकून उचलायची.

"बोल आत्या."

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास.

"काय न्हाई गं," ती म्हणायची. "उचलतीस का बगितलं."